बाबा निवळले

संभाजीरावांनी बोलणं कमी केलं, तेव्हा घराने सुटकेचा निःश्वास सोडला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाच्या जिभेला विश्रांतवाडीतली सगळी सोसायटी वचकून असे. सून ऋतुजा खराडीच्या ऑफिसातून उशिरा परतली की, "या. आज मुक्काम आमच्याकडे का?" पत्नी प्रेमलाबाईंनी आमटी वाढली की, "यात डाळ असते, असं ऐकून आहे." मग हे सारं ओसरलं. ते खिडकीपाशी बसत, पानात पडेल ते खात, कुणालाही काही म्हणत नसत. घरात एक मऊ शांतता पसरली, दुलईसारखी, आणि दोघी निर्धास्तपणे तिच्यात शिरल्या. ऋतुजाने माहेरी फोनवर सांगितलंसुद्धा, "बाबा निवळले गं."

एकदा प्रेमलाबाई दिवसभर बहिणीकडे हडपसरला गेल्या होत्या. ऋतुजाचा नवरा विश्वजीत दौऱ्यावर. संध्याकाळी ऋतुजाने दार उघडलं, तर संभाजीराव सकाळच्याच बनियनवर, त्याच खुर्चीत. ओट्यावर पोळीभाजी झाकलेली तशीच. आणि मग तिला आठवलं, सकाळच्या घाईत तिने त्यांना चहाच दिला नव्हता.

"बाबा, मागायचा ना चहा."

"राहू दे. चाललं."

एवढ्या भांडवलावर त्यांनी एरवी आठवडाभर टोमणे मारले असते. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढीचे खुंट, खोल गेलेले डोळे, मनगटावरून घरंगळणारं घड्याळ. यातलं काहीच आजचं नव्हतं.

प्रेमलाबाई परतल्यावर ती स्वयंपाकघरात हलकेच म्हणाली, "आई, बाबांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेऊ या."

"वेड लागलंय का त्यांना?" मग त्यांचा आवाज खाली आला. "अगं, जन्मभर बोलणी खाल्ली मी. आता कुठे घास गोड लागतोय. तू त्यांना बरं करशील, आणि ते पुन्हा सुरू होतील."

स्वतःचंच वाक्य कानी पडल्यासारख्या त्या थबकल्या. ऋतुजाला रागावता आलं नाही. हाच विचार मघाशी तिच्याही मनाला चाटून गेला होता.

ती बाहेर येऊन खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"बाबा, जगणं नकोसं वाटतं का?"

ते खिडकीकडेच पाहत राहिले. "रोज. सकाळी जास्त."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघी आत हसत होता. खूप दिवसांनी. म्हटलं, आपल्या गप्प बसण्याचा कुणाला तरी उपयोग होतोय."

दारात प्रेमलाबाई उभ्या होत्या. आपलं अंथरूण आणून त्यांनी त्या खुर्चीपाशी घातलं.

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी संभाजीरावांशी बराच वेळ एकांतात बोलून घेतलं, मग दोघींना आत बोलावलं.

"हे कधीपासून आहे? घरच्यांना सहसा नेमकं सांगता येत नाही. अंदाजे सांगा."

"पाडव्यापासून," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"इतकं नक्की?"

प्रेमलाबाईंनी पदराचं टोक मुठीत घेतलं. नवऱ्याकडे त्यांना पाहवेना. "श्रीखंड वाढलं, तर 'छान झालंय' म्हणाले. मी लगेच बहिणीला फोन केला होता. आनंदाने."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. ऋतुजा भिंतीकडे पाहत राहिली. त्या दिवशी तिने आपली वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली होती.