नराविना पिल्लं

बाटलीच्या तळाशी पांढुरकी पिल्लं वळवळताना दिसली आणि हिमानीने बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली.

नागपूरच्या एका कॉलेजात ती ढेकणांवर पीएच.डी. करत होती. रक्त आणि नर, यांपैकी कशामुळे मादीच्या अंड्यांवर किती फरक पडतो, हे तिला पाहायचं होतं. या बाटलीतल्या मादीला पोटभर रक्त मिळायचं, पण नर जन्मल्यापासून भेटलेला नव्हता. अशी मादी एखाददुसरं अंडं घालतेही, पण ते फोल जातं. पिल्लू निघत नाही. म्हणजे बाटली कोणीतरी उघडली होती.

हिमानी वडिलांच्या ऑपरेशनसाठी खापरखेड्याला गेली, तेव्हा ढेकणांना रक्त पाजायचं काम पंकजवर सोपवून गेली होती. तो शेजारच्या टेबलावर डासांवर संशोधन करायचा. प्राध्यापकाची एकच जागा निघणार होती आणि अर्ज दोघंही करणार होते.

तिने लगेच विचारलं नाही. नुसती नजर ठेवली. भर उकाड्यात तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येत होता. ती बाटल्यांपाशी गेली की उगाच दुसरा विषय काढायचा.

एका दुपारी हात धुताना त्याने बाही वर सारली. कोपरापर्यंत खाजवून काळपट झालेले डाग.

"हे काय गा?"

"डास चावले."

"डास असे रांगेत नाही चावत. माझ्या बाटल्या काहून उघडल्या?"

पंकजने नळ बंद केला. "रक्त गरम करायची मशीन बंद पडली होती. रक्त न मिळता अंडी कुठून येतील? मग मीच हातावर पाजलं. जाळीतून पीत नव्हते, म्हणून झाकणं काढली. दोन निसटले. घाईत पकडून परत बाटल्यांत टाकले, कोणता कुठला ते नाही समजलं."

"मले फोन काहून नाही केला?"

"तू बाबांपाशी दवाखान्यात बसून राहिली होती वं."

हिमानी स्टुलावर बसली. एक नर चुकीच्या बाटलीत गेला होता, हे उघड होतं. दुसरा कुठे गेला, कोण सांगणार? सगळ्याच बाटल्या बाद. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून त्या उकळत्या पाण्यात रिकाम्या केल्या. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्यासाठी मलम आणलं.

नव्याने सुरुवात करताना पंकज मदतीला आला. तिने येऊ दिलं, पण झाकणं स्वतःच लावली. हातावरचे डाग खरे होते, हे तिला पटलं होतं. ती परत आल्यावरही तो इतके दिवस गप्प का होता, हे मात्र त्याने सांगितलं नाही.