कोरडं पोतं

"ही होडी फोडायची तर आधी मला फोडा!" अराबा होडीच्या काठावर पाय सोडून ऐटीत बसली होती. खाली एकुवा मावशी कुऱ्हाड घेऊन उभी.

"उतर कार्टे! तुझ्या हातापायांच्या काटक्यांवर एक मासा तरी धुरावेल का? लाकूड होडीला आहे."

मावशी मासे भट्टीच्या धुरावर सुकवून विकायची. भट्टीसाठी तिनं धक्क्यावरची ही शेवटची मालाची होडी मागून घेतली होती. एकेकाळी एगुआनो गावचा धक्का नुसता गजबजलेला असे. बोटी दूर खोल पाण्यात थांबायच्या आणि फुटत्या लाटांमधून कोकोची पोती तिथवर पोचवायच्या त्या याच होड्या. पुढे पश्चिमेला मोठं बंदर झालं, बोटी तिकडे गेल्या. अराबाचे आजोबा ह्या होडीचे तांडेल होते. तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं, पण म्हणून काय झालं!

भांडण ऐकून कोळ्यांचे मुखिया ओटू काका आले. "ह्या होडीतून पोतं घेऊन त्या तरंगत्या पिंपाला वळसा घाल आणि परत ये. कोरडं आलं तर होडी धक्क्यावर राहील. भिजलं तर भट्टीत. शनिवारी."

"चालेल!" अराबा म्हणाली.

"मंगळवारची पोर ना," मावशी फिसकन हसली. "कुणी होडी घालत नाही त्या, दर्याच्या विसाव्याच्या दिवशी जन्मलेली. त्याचा राग कुठला ठाऊक असायला हिला!"

दुसऱ्याच दिवशी सरावाला अराबाच्या वर्गातल्या आठ जणांनी वल्ही धरली. सुकाणूच्या लांब वल्ह्यावर अराबा. मासेमारीचं गाणं जोरात म्हणत सगळे निघाले, आणि पहिल्याच लाटेत होडीनं नाक खुपसलं. पोतं चिंब. पुढच्या दिवशीही तेच. अख्खा किनारा पोट धरून हसला.

ओल्या कपड्यांनी अराबा मावशीच्या भट्टीपाशी शेकत बसली. हार मानायची नाही, पण करायचं काय? मावशी मासे उलटत गुणगुणत होती. एक ओळ म्हणायची, थांबायची, मग पुढची.

"मावशी, मध्येच गप्प का होतेस?"

"मालाच्या होडीचं गाणं हे. तिथं होडीतले बाप्ये गायचे. आम्ही बाया कमरेएवढ्या पाण्यात पोती डोक्यावर घ्यायला उभ्या असायचो. आमच्या ओळीला त्यांनी वल्हं मारायचं, त्यांच्या ओळीला वल्हं उचलून धरायचं. लाट खालून निघून जायची."

अराबा ताडकन उठली. मासेमारीच्या गाण्यात थांबणंच नव्हतं! तिच्या डोक्यात उजेड पडला तो हा असा, धुरात.

"अशी बघू नकोस. मला लाकूड हवंय."

"आणि मला तुझा आवाज!"

"चल, निघ!"

शनिवारी सगळं गाव धक्क्यावर. होडी लाटेत शिरली. मावशीची ओळ अराबानंच म्हटली, वल्ही पडली. मग गावातल्या म्हाताऱ्यांकडून शिकलेली पुरुषांची ओळ सगळे मिळून गायले, वल्ही उचलली. लाट पोटाखालून सरकली. पिंपाला वळसा पडला! पण परतताना मागून येणाऱ्या लाटांच्या आवाजात अराबाचा गळा बसला. ओळ तुटली. वल्ही गोंधळली, होडी तिरकी व्हायला लागली.

तेवढ्यात किनाऱ्यावरून ती ओळ आली. मावशीची! पाठोपाठ भट्टीवाल्या साऱ्या बायांची. अराबानं दात आवळून होडी सरळ केली. वल्हं. थांब. वल्हं.

मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. कुऱ्हाड मागे वाळूत पडली होती. पोतं डोक्यावर घेऊन तिनं ते थेट ओटू काकांच्या पुढ्यात टाकलं. काकांनी वरून, खालून हात फिरवला.

"कोरडं आहे."

"आता माझ्या भट्टीला लाकूड कुठून आणू गं?" मावशी ओरडली.

"पलीकडच्या खाडीकाठच्या रानातून," बसक्या गळ्यानं अराबा म्हणाली. "ह्याच होडीतून आणून देते. गायला मात्र तू यायचंस."