बाळासो प्रेरणा देतात

गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेत बाळासो सव्वीस वर्षं फॅट काढायचं काम करत होते. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ शे-दीडशे माणसांना तोंडावर सांगायचं, की बाबा, तुझ्या दुधात पाणी आहे. अशा कामात माणसाला गोड बोलायची सवय राहत नाही. सख्ख्या मेव्हण्याची किटली त्यांनी भर रांगेत परत पाठवली होती. मेव्हणा त्या वर्षी दिवाळीला फिरकला नाही. बाळासोंना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, चिवडा दोन दिवस जास्त पुरला.

यंदा संस्थेच्या वार्षिक सभेला संचालकांनी पुण्याहून एक प्रेरणादायी वक्ता आणला. कानाला माईक, अंगात कोट, आणि भर दुपारी उगाच हसरा चेहरा. त्यानं सगळ्या शेतकऱ्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, मनात वीस लिटर दूध बघा, म्हैस वीस लिटर देईल. निम्मी सभा तेवढ्यात डुलकी काढून मोकळी झाली. बाळासो मात्र उठून उभे राहिले.

"पावणं, हे म्हशीला सांगितलंय का? तिनं डोळं मिटल्यात का बघा आदी."

कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि आठवडाभरात बाळासो जिल्हाभर फिरले. ते बघून कोल्हापुरातले आदर्श सर घरी आले. हे सर स्पर्धा परीक्षेची अकॅडमी चालवत. स्वतः सात वेळा नापास झालेले असल्यामुळे पास कसं व्हायचं यावर त्यांचा भलताच अभ्यास होता. त्यांचं म्हणणं, पोरांना आता कोटवाले नकोत, रोखठोक माणूस पाहिजे, तेव्हा रविवारी या आणि प्रेरणा द्या. दुसरा कोणी असता तर बाळासोंनी चहा पाजून वाटेला लावला असता. पण त्यांची लेक प्रियदर्शनी त्याच अकॅडमीत पाच वर्षं बसत होती.

प्रियदर्शनी अठ्ठावीस वर्षांची. पूर्व परीक्षा दर वेळी पास, मुख्य परीक्षेला गळती. गेल्या खेपेला तर दोनच मार्कांनी गेली. वीस मार्कांनी गेलेला माणूस सुटतो, दोन मार्कांनी गेलेला अडकतो. पोरगी उभ्या उभ्या जेवायची, झोपेत कलमं पुटपुटायची, आणि कंगव्यात केसांचा गुंता रोज वाढत होता. पेठ वडगावच्या एका शाळेनं तिला शिक्षिकेची नोकरी देऊ केली होती आणि रविवारपर्यंत हो-नाही कळवायला सांगितलं होतं. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदतही रविवारीच संपत होती.

शनिवारी ती वडिलांसमोर येऊन बसली.

"आण्णा, सगळी म्हणत्यात अजून एकदा. पण तुमी कदी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत न्हाईसा. उद्या पोरांस्नी जे सांगशीला, तेच माझ्यासाठी बी, असं धरून चालनार."

सोड बाई, नोकरी धर, हेच उत्तर बाळासोंच्या पोटात वर्षभर तयार होतं. पण मेव्हण्याची किटली परत करणाऱ्या माणसाला लेकीची पाच वर्षं परत करता येईनात. ते उद्यावर ढकलून उठले. चारशे जणांसमोर सांगितलं म्हणजे एकटीला लागणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. सरळ सांगायचं तर ते घाबरले.

रविवारी अकॅडमीच्या दारातच त्यांना भगवा फेटा बांधला. फेटा बांधला की कोल्हापूरच्या माणसाची मान आपोआप दोन इंच लांब होते, बाळासोंचीही झाली. तरी त्यांनी सुरुवात नेटानं केली. तुमच्यातले शंभरातले नव्व्याण्णव नापास होणार आहेत, ते म्हणाले. हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. प्रत्येकाला खात्री होती की नापास होणारे शेजारी बसलेत. बाळासोंनी आणखी जोर लावला. पहाटे उठून कोणी मोठा होत नाही, मी सव्वीस वर्षं चारला उठतोय आणि अजून फॅटच काढतोय. हे तर पुढच्या रांगेनं वहीत उतरवून घेतलं. हे सर पोटासाठी फुशारक्या मारतात, असं त्यांनी आदर्श सरांकडे बोट करून सांगितलं, तर सगळ्यात जास्त टाळ्या सरांनीच वाजवल्या.

सव्वीस वर्षांत खरं बोलल्याबद्दल बाळासोंना शिव्याच मिळाल्या होत्या. टाळी हा प्रकार अंगाला नवीन होता, आणि तो त्यांना आवडला, फार आवडला. आता शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं, घरी जावा, मिळंल ते काम धरा. त्यांनी तोंड उघडलं आणि तिसऱ्या रांगेत प्रियदर्शनी दिसली. एकटी तीच टाळ्या वाजवत नव्हती. बाळासो थांबले. हॉलला वाटलं, काय कसलेला वक्ता आहे, आणि त्या थांबण्यालाही टाळी पडली.

"मागं फिरायचं न्हाय," बाळासो गरजले. "अजून एकदा."

पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. आदर्श सरांनी तिथल्या तिथं पुढच्या महिन्यात कबनूरच्या शाखेत भाषण ठरवून टाकलं. आणि खरी लाजेची गोष्ट ही, की घटकाभर बाळासोंनाही ते वाक्य खरं वाटलं.

बाहेर आल्यावर ते पाच मिनिटांत उतरलं. लेकीला बाजूला घेऊन, ते स्टेजवरचं बोलणं होतं, असं सांगायचं त्यांनी ठरवलं. पण तीच त्यांना ओढत मिसळीच्या दुकानात घेऊन गेली. तिनं शाळेला नाही म्हणून कळवलं होतं आणि फॉर्म मोबाईलवरून भरला होता, दोन्ही टाळ्या थांबायच्या आत.

"बाकीच्यांचं खरं वाटत न्हवतं, आण्णा," ती म्हणाली. "तुमचं वाटलं."

तिनं दुसरी प्लेट मागवली. तिला असं बसून, पोटभर खाताना त्यांनी वर्षभरात बघितलं नव्हतं. समोर बाळासो फेट्यासकट बसले होते. बोलायला हवं होतं, आत्ता, या घासाला. तिनं मान वर करून विचारलं, या खेपेला हुईल न्हवं?

"हुतंय की," बाळासो म्हणाले. "खा तू."

त्या दिवसातलं त्यांचं हे दुसरं भाषण. या वेळी टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, तरीही ते खोटंच बोलले.