वरच्या जागेचं कार्पेट

श्रीपाद रणभिसे घसा खाकरून जागा मोजायचा. खोटं वाटत असेल तर खाडीकाठच्या कोपरीत जाऊन विचारा. तिथले लोक याहून मोठं सांगतील. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहायचं, डोळे मिटायचे, "खॅक्" करायचं आणि भिंतींवरून परत आलेला आवाज ऐकून आकडा सांगायचा. डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाने एकदा टेप लावून खात्री केली, तर थोडा फरक निघाला. दुसरी टेप आणली तेव्हा कळलं, चुकली होती ती पहिली टेप. कोपर स्टेशनजवळच्या एका सोसायटीत तर श्रीपादला सर्दी झाली होती, तो नुसता शिंकला, आणि वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. "आमचं किती आलं हो?"

देवाने हे कान त्याला खरं तर दुसऱ्याच कामासाठी दिले होते. तरुणपणी तो कोपरीच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला पेटी वाजवायचा आणि त्याचा मित्र आनंद पाटोळे गायचा. दोघांच्या खोल्या शांतिसदन चाळीत भिंतीला भिंत लावून. आनंदने आपल्या खोलीत सूर लावला की श्रीपाद पलीकडून भिंतीवर बोटांनी ताल धरायचा. भाजी कसलीही असो, जेवण गोड लागायचं.

मग श्रीपादचा कारखाना बंद पडला. ओळखीतल्या दोघातिघांना त्याने भाड्याच्या खोल्या मिळवून दिल्या, दलाली घेतली, आणि जिभेला जागेची चव लागली ती लागलीच. स्वतःची खोली विकून तो कल्याणला गेला. ती जागा विकून डोंबिवलीला, ती विकून टिटवाळ्याला. प्रत्येक वेळी म्हणायचा, "सगुणा, ही शेवटची." सगुणाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पडदे लावणंच सोडून दिलं होतं.

"पडदा लावला की तुम्हाला गिऱ्हाईक मिळतं," ती म्हणायची आणि खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायची. समोरच्या बिल्डिंगमधले लोक सकाळची बातमी त्यांच्याच खिडकीत वाचत. फक्त जरा शिळी असे.

आणि रविवार? गिऱ्हाइकं जागा बघायला मोकळी असतात ती नेमकी रविवारी. देव काय, रोजच असतो. श्रीपादने त्याला मधल्या वारी भेटायचं ठरवलं, पण तो मधला वार काही उगवला नाही.

तर अशात शांतिसदन पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं. सगळ्या चाळीने सह्या दिल्या, राहिली एक कोपऱ्यातली खोली, आनंदची. बिल्डर श्रीपादला म्हणाला, "तुमचा दोस्त आहे ना? त्याची सही आणा. खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट तुमचा."

खाडीकडचा फ्लॅट! हिवाळ्यात गॅलरीतून फ्लेमिंगो दिसणार! श्रीपादच्या स्वप्नात फ्लेमिंगो यायला लागले. एका पायावर उभे राहून ते सगळे एका सुरात म्हणत, "ही शेवटची, ही शेवटची."

आनंद सही करत नव्हता, कारण त्याच्या खोलीत दर गुरुवारी प्रार्थनेची मंडळी जमायची. खोली भरली की पडवीत, पडवी भरली की पायरीवर. श्रीपाद महिन्यातून एकदा येऊन सांगायचा, "अरे आनंद, नवी जागा याच्या अडीचपट मिळते. गुरुवारी नाचलात तरी कोणाचा पाय कोणाला लागणार नाही."

"तू सांगतोस म्हणजे असेल," आनंद म्हणायचा. "पण मला पुरतंय रे हे. बस, चहा घे. पेटी वाजव."

श्रीपाद चहा घ्यायचा. पेटीकडे बघायचा नाही.

आता ते अडीचपट म्हणजे काय, ते ऐका. जिथे तुमची सतरंजी पसरते ती जागा म्हणजे कार्पेट. आणि जिना, लिफ्ट, गेटवरच्या वॉचमनची खुर्ची आणि त्या खुर्चीखाली झोपलेलं कुत्रं, या सगळ्यांचा वाटा तुमच्या नावावर चढवला की झालं सुपर बिल्टअप. आकडा फुगतो, सतरंजी तेवढीच राहते. आनंदच्या नव्या हॉलमध्ये सतरंजी आताच्यापेक्षा लहानच लागणार होती. श्रीपादला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आनंदने विचारलं नाही, याने सांगितलं नाही.

एका सोमवारी सकाळी आनंदच्या बायकोचा, जयाचा फोन आला. "भावजी, हे गेले हो. झोपेतच."

"अरे देवा!" श्रीपाद म्हणाला. पण त्या "अरे"च्याही आधी त्याच्या मनात एक वाक्य उमटून गेलं होतं. जागा मोकळी झाली. त्याने ते तिथल्या तिथे दाबलं, तरी ते उमटलं होतंच. दाढी करताना तो आरशात हनुवटीच्या वर बघू शकला नाही, आणि हनुवटीकडे इतकं बघूनही कापून घेतलं. तरी कोट घालताना संमतीचा कागद वरच्या खिशात ठेवला. असू दे, म्हणाला, कागदाला काय, खायला थोडंच लागतं!

शांतिसदनच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. दोन पेट्या होत्या तिथे. एकीत आनंद निजला होता, दुसरीत त्याचा सूर. श्रीपादने मंडळीच्या रीतीने सगळ्यांना "सलाम, सलाम" केलं आणि तो पुढच्या रांगेत डोळे मिटून बसला. लोकांना वाटलं, मित्रासाठी प्रार्थना करतोय. तो खाडी बघत होता.

चर्चचे पाळक मकासरे बोलायला उभे राहिले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "बंधुभगिनींनो, आनंदराव बेघर झालेले नाहीत. प्रभूने त्यांच्यासाठी वर जागा तयार करून ठेवली आहे!"

जागा हा शब्द कानात पडला आणि श्रीपादच्या आत कुठेतरी दुकानाचं शटर वर गेलं.

"तिथे जागेला तोटा नाही," पाळक म्हणाले. "आणि ती जागा केवढी आहे, सांगू?" एवढं बोलून ते बोलणाऱ्यांच्या सवयीने जरा थांबले.

त्या थांबण्यात श्रीपाद डोळे न उघडता खणखणीत आवाजात म्हणाला, "कार्पेट सांगा. सुपर बिल्टअप नको."

कोपरीत इतकी शांतता त्याआधी कधी झाली नव्हती. कावळासुद्धा अर्ध्या कावेवर थांबला म्हणतात. पाळकांचा चष्मा नाकावरून घसरून हातात आला. मागे कोणीतरी हसू दाबायला गेलं आणि ते त्याच्या नाकातून बाहेर पडलं. शेजारची गंगुबाई, खाडीवर मासे धरणाऱ्या घरातली, तिला कुजबुजायची सवय नाही. ती बाजूच्या बाईला म्हणाली, "काय गो बाय, ह्यो मयताला आयलाय का खोली बघाला?"

श्रीपादने डोळे उघडले. समोर आनंदचा चेहरा, शांत. त्याच्या उशाशी जया. ती रागावलेली नव्हती. शाळेत नवीन शब्द कानावर पडलेल्या मुलीसारखी ती श्रीपादकडे बघत होती, काय म्हणाले हे, त्याचा अर्थ काय. शिवी दिली असती तर बरं, असं श्रीपादला वाटलं.

ही गोष्ट त्याच्या आधी टिटवाळ्याला पोचली. कल्याणपर्यंत तिला पार्किंग चिकटलं होतं, आणि टिटवाळ्यात उतरली तेव्हा श्रीपादने पाळकांकडे बुकिंगचं टोकन भरल्याचंही लोक सांगत होते. पण घडलं होतं तेवढंच त्याला पुरेसं होतं.

"भावजी," इकडे अंगणात जया म्हणाली, "ह्यांच्या आवडीचं गाणं घेऊ या. पेटी तुम्हीच धरा."

नाही कसं म्हणणार? श्रीपाद पेटीपुढे बसला. पेटी अशी लखलखीत की त्याला तिच्यात आपलं तोंड दिसलं. त्याने भाता उघडला, पट्टी दाबली, आणि मंडळी एकीकडे, सूर दुसरीकडे. पुन्हा दाबली, तिसरीकडे. बोटांना आता कॅल्क्युलेटरची बटणं तेवढी ओळखीची होती. शेवटी मंडळीने त्याचा नाद सोडला आणि आपलं आपण गायला सुरुवात केली. श्रीपाद गाणं संपेपर्यंत भाता हलवत राहिला, पट्टी एकही न दाबता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय रंगलाय!

दफनभूमीत त्याने हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते. पण पाय कुठे बांधणार? खड्ड्याच्या कडेने ते आपोआप मोजून पावलं टाकायला लागले. आनंदच्या पुतण्याने, मयूरने, त्याला हळूच कोपराशी धरून बाजूला घेतलं.

"काका," तो कानात म्हणाला, "ही विकायची नाहीये."

संध्याकाळी लोक पांगले. श्रीपादने खरं तर तिथूनच निघून जायला हवं होतं. पण खिशातला कागद त्याला खेचत चाळीत घेऊन आला, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. खोलीत जया होती आणि चहा घेऊन आलेली गंगुबाई.

"बसा भावजी," जया म्हणाली. "कागद आणलाय ना?"

"कसला कागद? छे! आज कसला कागद, वहिनी!"

"खिशातून वर आलाय तो."

श्रीपादने छातीवर हात दाबला. शपथ घेणाऱ्या माणसासारखा दिसला असेल.

"द्या, करते सही," जया म्हणाली. "मागे हे म्हणाले होते, मी नसलो तर श्रीपादचं ऐक, तो आपल्यातला आहे. गुरुवारच्या माणसांना बसता आलं म्हणजे झालं." तिने फळीवरून पेन घेतलं, टोपण काढलं. "फक्त एक विचारू का? मला त्यातलं काही कळत नाही. ते तुम्ही मघाशी पाळकांना विचारलंत ना, कार्पेट की ते दुसरं. आमची अडीचपट जागा, ती त्यातली कुठली?"

गंगुबाई चहावर फुंकर मारता मारता थांबली.

खाडी एका सहीवर येऊन ठेपली होती. "कार्पेट" म्हटलं की संपलं. पुढे जिन्याने आणि लिफ्टने काय ते बघून घेतलं असतं. श्रीपाद उठला. "बघतो हां," म्हणाला. वेळ काढायला त्याच्याकडे एकच विद्या होती. खोलीच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले, "खॅक्" केलं.

आवाज समोरच्या भिंतीवर गेला. पलीकडे कधीकाळी त्याचीच खोली होती. त्या भिंतीवर त्याने किती ताल धरले होते. आवाज परत आला. आकडा आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या खाकरण्यात नुसतं खाकरणं ऐकू आलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घसाच बसला.

"पानी देव का रं?" गंगुबाईने विचारलं.

"ते दुसरं," श्रीपाद म्हणाला.

"म्हणजे?" जया म्हणाली.

"म्हणजे जिना, लिफ्ट, सगळं धरून. वहिनी, तिथे सतरंजी याच्याहून लहान लागेल. गुरुवारची माणसं मावणार नाहीत."

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"होतं."

जयाने पेनाला टोपण लावलं. पेन फळीवर होतं तिथे ठेवलं, आणि पाठमोरीच बोलली, "हे दर वेळी पेटी पुसून ठेवायचे. म्हणायचे, श्रीपाद आज बसेल बघ वाजवायला. आणि तुम्ही यायचात ते ह्यासाठी."

श्रीपाद पायरीवर येऊन चपला शोधू लागला. समोरच होत्या, त्याला दिसेनात. तेवढ्यात फोन वाजला. बिल्डर.

"झालं का काम?"

"नाही," श्रीपाद म्हणाला. "माझ्या हातून होणारही नाही."

त्या घटकेला खाडीवरचे सगळे फ्लेमिंगो दुसरा पाय खाली टेकून उभे राहिले, असं गंगुबाई शपथेवर सांगते. फ्लेमिंगोंचे ते दिवस नव्हते, असं कोणी म्हटलं तर तिला राग येतो.

सही अजून झालेली नाही, चाळ उभी आहे, आणि श्रीपाद आता गुरुवारी येतो. कोणी बोलावलं नव्हतं, आपला आपणच येतो आणि पडवीच्या टोकाला, चपलांपाशी बसतो. त्याला पेटी वाजव असं अजून कोणी म्हटलेलं नाही. जया सगळ्यांना देते तसा त्याला चहा देते, बोलत मात्र नाही. मकासरे पाळक तो समोर असला की जागा हा शब्द टाळतात, चांगलं चाललेलं बोलणं अडवून "ठिकाण" म्हणतात. ते कशासाठी हे श्रीपादला कळतं, आणि त्याचे कान लाल होतात. चाळीत त्याला रणभिसे कोणी म्हणत नाही. "सलाम, कार्पेट!" अशी हाक येते. त्याची मान खाली जाते. "सलाम," तो म्हणतो.

टिटवाळ्याचा फ्लॅट त्याने विकलेला नाही. सगुणाने परवा पडद्याचं कापड आणलं, निळं. शिवायला मात्र टाकलं नाही.

"का गं?" त्याने विचारलं.

"नाताळपर्यंत बघते," ती म्हणाली आणि कापड घडी करून कपाटात ठेवून दिलं.