डाग गेला, रोग राहिला

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली की शर्टांच्या कारखान्यातल्या बायका डबे तसेच टाकून फाटकाकडे धावायच्या. तिथे बाकावर पुडीवाले बाबा ठाण मांडून असायचे. "अंगावरून जातंय? सुरी नको, सुई नको! चिमूटभर राख, रक्ताला कुलूप!" आणि रक्त खरंच थांबायचं. पंचाईत नेमकी तीच होती.

माझी वहिनी तिथे तयार शर्ट तपासायची. पाळी जाऊन वर्षं झाली तरी तिला अधूनमधून रक्त जात होतं. मी नर्स. तिला कानीकपाळी ओरडून सांगितलं, "वहिनी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घे. हा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो गं."

"काहीतरीच ताई! पुडी घेतली नि डाग बंद. डाग नाही, माल पास!" वहिनी हसली. दादानंही तिचीच री ओढली.

हिवाळाभर पुड्या चालल्या. मग वहिनीचा एक पाय सुजला, कंबर धरली, तेव्हा ती मुकाट्यानं माझ्याबरोबर दवाखान्यात आली. तिच्याकडची शेवटची पुडी मी पाण्यात टाकली. राख वर तरंगली आणि तळाशी गोळीचा पांढरा कपचा बसला. प्रयोगशाळेनं त्या गोळीचं नाव सांगितलं. रक्तस्राव थांबवायला आम्ही वॉर्डात देतो, तीच गोळी.

वहिनीच्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ निघाली. ती मात्र थांबली नव्हती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आता किरणांचा शेक द्यायचा आणि वाट बघायची. मला त्या माणसाची मान मुरगाळावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, वहिनी आणि मी कारखान्याच्या फाटकावर गेलो.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

मी त्यांची थैली उपडी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली, मागोमाग खलबत्ता.

"ती... माझ्या डोकेदुखीची!"

"डोकं तुझं दुखलं नि रक्त आमचं थांबलं होय रे मेल्या!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. पण हसलं कुणी नाही. कितीजणींच्या कमरेला तसलीच पुडी खोचलेली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाचा हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. रक्त जाणं ही त्याची हाक. यानं हाक दाबली, रोग नाही. तपासणी आहे, मुलींसाठी लस आहे."

मग वहिनी भिंतीला धरून उभी राहिली.

"शर्ट उलटा करून शिवण बघितल्याशिवाय आपण पास करत नाही. स्वतःला मात्र मी नुसता डाग बघून पास केलं. तुम्ही असं करू नका गं. तपासून घ्या. आणि पोरींना लसीला आणा, माझीही आणतेय."