शनिवारची उकड

शिवानीने उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ सोडलं, उलथण्याच्या दांड्याने मधोमध भोक पाडलं आणि टोपावर झाकण ठेवणार, तेवढ्यात मोरीतून आवाज आला.

"पानी कमी पडलंय गो. अर्धा तांब्या टाक, नायतर कडा फाटतील."

भांडी घासणाऱ्या जनीमावशीने टोपाकडे बघितलंही नव्हतं. वाफेच्या वासानेच तिला कळलं होतं. शिवानीने पाणी घातलं. मावशी पुन्हा गुणगुणू लागली, 'पाची बोटां चटका बाई, सांगू कुना कुना...'

शिवानी तळा गावाहून पहिल्या एसटीने आली होती. दिवेआगरच्या या रिसॉर्टला कायमची स्वयंपाकीण हवी होती. पगार आणि राहायला खोली. खोली म्हणजे आरोही. दोन वर्षं मामाकडे वाढणारी, आई भेटायला गेली की आधी मामीच्या तोंडाकडे बघून मगच जवळ येणारी आठ वर्षांची लेक.

सकाळी मॅनेजर हितेशने तिला उभं ठेवूनच विचारलं होतं. नवरा कुठे असतो? सोडलं कुणी, त्याने की तुम्ही? पोरगी आजारी पडली की रजा मागणार ना? तिने प्रत्येक उत्तर फरशीकडे बघत दिलं. मोबाइलवरून मान न उचलता तो म्हणाला, "आधी हात बघू. आजचा दिवस ट्रायल, त्याचे पैसे नाहीत."

मग चाळीस जणांचे पोहे झाले. दोन पातेली कालवण झालं. सोलकढी झाली. चहा कुणी विचारला नाही. आता शंभर भाकऱ्या.

"दादा, एवढी ट्रायल?"

"घरी कधी पंगत वाढली नाहीत का?" तो हसला. "इथे लाइन लागलीय, ताई. जमत नसेल तर सांगा."

तिने पदर खोचला होता.

दुसरी शेगडी पेटवायला लायटर हवा होता. "खनात बघ," मावशी म्हणाली. शिवानीने खण ओढला. लायटरखाली अर्ज होते, टाचणी लावलेले, प्रत्येकावर एका बाईचा फोटो. हसू की नको अशा चेहऱ्यांच्या बाया. कुणी श्रीवर्धनची, कुणी म्हसळ्याची. वर तारखा. सगळे शनिवार. खाली एकाच हाताने लिहिलेलं, 'ट्रायल झाली'. नऊ अर्जांनंतर दहावा तिचा. आजची तारीख, आणि खाली आधीच लिहून ठेवलेलं, 'ट्रायल झाली'. त्याच्याखाली अकरावा, सत्यवती नावाच्या बाईचा. पुढचा शनिवार.

"मावशी, यातली कोण राहिली इथं?"

गुणगुणणं थांबलं. मावशीने नळ बंद केला.

"त्या खोलीत जुन्या गाद्या हायेत," ती म्हणाली. "चार वर्सं झाली. माणूस कुनी न्हाय राहिलं."

शिवानीने झाकण उचललं. उकड फुलून आली होती, चांदण्यासारखी पांढरी. ती कढत असतानाच मळावी लागते. गार झाली की फुटते, मग कुणाच्या हाताला वळत नाही. वाफ तोंडावर आली तरी ती हलली नाही. हात टोपाकडे गेले, आणि तिथेच थांबले.

तिने गॅस बंद केला. हात धुतले, कोपरापर्यंत. स्वतःचा अर्ज फाडून शेगडीखालच्या डब्यात टाकला. सत्यवतीचा घडी करून कमरेला खोचला. त्यावर फोन नंबर होता.

"भाकऱ्या कुठायत?" हितेश दारात आला. "पाहुणे बसले."

"माझी ट्रायल झाली," शिवानी म्हणाली. "तुम्हीच लिहून ठेवलंय."

"अहो, काय पोरखेळ आहे? उद्या कुठे नोकरी मिळणार नाही..."

ती मागच्या दाराने बाहेर पडली. सुपारीच्या झाडाखाली चपलेचा पट्टा लावायला वाकली. मागून त्याचा आवाज येत होता.

"जनीमावशी, तुम्ही थापा. पटापट. पीठ गार होतंय."

घासणी थांबली. शिवानीही थांबली. मावशीला कुठे जायची सोय नव्हती.

"मला न्हाय येत, साहेब," मावशी म्हणाली. "आमच्याकडं भाकर करीतच न्हाईत."

आणि नळ पुन्हा सुरू झाला.