ओढ्यात तोकडा पडलेला दोर

मी एक जुना दोर आहे. नायलॉनचा, पण बाण्याचा! हरसूलजवळच्या एका पाड्यावर कुंदनच्या घरी खुंटीवर माझा मुक्काम. कुंदन शेतकरी, पण प्रादेशिक सेनेचा स्वयंसेवक जवानही. वर्षातले काही आठवडे वर्दीत सराव करतो आणि बाकीचे दिवस संकटाची हाक आलीच तर तयार असतो. दर रविवारी तो मला अंगणात पसरून हात हात करून चाचपतो.

शेजारचा वाळू खदाखदा हसायचा. "लय मोठा शिपाई! इथं काय गुरांशी लढाई हाय का?"

एकदा कुंदन घरी नसताना याच वाळूने कुणाला न विचारता मला नेलं आणि चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढला. अगं आई गं! माझी पार कंबर मोडली. कुंदनने आल्यावर माझा पीळ सुटलेला भाग कापूनच टाकला. "ताण खाल्लेल्या दोरावर माणूस सोडायचा नाय," एवढंच बोलला. मी तोकडा झालो. वाळूचा असा राग आला म्हणून सांगू!

पुढे पावसाळ्यात, बाजाराच्या सकाळी, ओढा अचानक फुगला आणि बाजाराला माणसं नेणाऱ्या नजीरची जीप मधोमध बंद पडली. टपावर नजीर आणि म्हातारी कमळाबाई. कुंदनने फोन केला. बचाव पथक निघालं होतं, पण घाटातून यायला वेळ लागणार होता. जीप तर सरकू लागली होती.

कुंदनने माझं एक टोक काठावरच्या जांभळीला बांधलं, दुसरं कमरेला, आणि पाण्यात उतरला. जीप चार हातांवर राहिली आणि मी संपलो! मित्रांनो, लाजेने जीव नकोसा झाला.

तेवढ्यात वाळू धावला. जांभळीवरची गाठ सोडून, मला मुठींत आवळून तो छातीभर पाण्यात शिरला. मागून गावकऱ्यांनी त्याची कंबर धरली.

"कुंदन्या, जा बिनधास्त! म्या सोडत नाय!"

तेवढे चार हात मिळाले आणि कुंदन जीपपाशी पोहोचला. कमळाबाई म्हणते कशी, "आधी माझी कोंबडी घे रं!"

"आज्जे, आधी तू चल!"

पाठीवर कमळाबाई, तिच्या बगलेत कोंबडी, मला धरून नजीर. असं सगळं लटांबर आम्ही काठावर ओढून आणलं! मागे जीप कलंडून वाहून गेली. काय तो जल्लोष! मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मित्रांनो, संकट सांगून येत नाही. आम्हा दोरांना धड ठेवा, न विचारता नेऊ नका. आणि हाकेला तयार राहणाऱ्या माणसाला हसू नका.

वाळू आता हसत नाही. त्या दिवशी सगळे काठावर आले, तरी त्याच्या मुठी उघडेनात. कुंदनने त्याच्या शेजारी बसून एकेक बोट हळूच सोडवलं, तेव्हा कुठे मी मोकळा झालो.